४ चॅनल ॲम्पवर १२ इंची ड्युअल कॉईल सब लावलाय, दहा मिनिटांत प्रोटेक्टला जातो. ॲम्प बदलू का सब?

कृष्णाकाठ_स्विफ्ट

नमस्कार मंडळी, सांगलीहून पहिलीच पोस्ट आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल, सेकंड हँड. आधीच्या मालकाने अँड्रॉइड स्टिरिओ टाकलेला त्यामुळे मागे आरसीए आउट (ॲम्पला सिग्नल द्यायचे सॉकेट) मिळाले. बोनस आला तसा १२ इंची सब (सबवूफर, बेसचा स्पीकर) घेतला बॉक्ससकट, सबवर मोठ्या अक्षरात १४०० वॉट मॅक्स आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ४०० वॉट आरएमएस (म्हणजे सलग झेपणारी पॉवर), ड्युअल ४ ओहम, म्हणजे ४-४ ओहमच्या दोन कॉईल. ॲम्प मावसभावाने दिला, त्याने गाडी विकली तेव्हा काढून ठेवला होता, ४ चॅनल आहे, खोक्यावर ८०० वॉट. पुस्तिका सापडली त्यात असं आहे की ४ ओहमला ६० वॉट प्रत्येक चॅनलला, २ ओहमला ८५, आणि दोन चॅनल ब्रिज केले (जोडून एक केले) तर ४ ओहमला १७० वॉट.

पुढचे दोन चॅनल दाराच्या स्पीकरना आणि मागचे दोन ब्रिज करून सबला, असं दुकानात लावून घेतलं. पहिली दहा मिनिटं नाद खुळा, आरसा थरथरतो. मग एकदम सगळं बंद, ॲम्पवर प्रोटेक्टची लाल लाइट. पाच-सात मिनिटं थांबलं की परत चालू. हात लावला तर चटका बसतो, त्यावर भाकरी भाजून निघेल. दुकानदाराकडे गेलो तर म्हणतो "१४०० च्या सबला १५०० चा ॲम्प पाहिजे, हा कमी पडतोय" आणि १४ हजाराचा ॲम्प दाखवला. सब घेतला म्हणून आई दोन दिवस बोलत नव्हती, आता अजून १४ हजार म्हटलं तर जेवण पण बंद होईल.

खरंच ॲम्प कमी पडतोय का? का सब परत करून साधा छोटा घेऊ?

---

पेठेतला_ओहम

खोक्यावरचे आकडे विसरा. १४०० पण विसरा आणि ८०० पण. ते आकडे खोकं विकायला असतात, सब वाजवायला नाही.

कमी पडणारा ॲम्प गरम होऊन बंद पडत नाही, तो नुसता कमी वाजतो. तुमचा बंद पडतोय म्हणजे त्याच्यावर झेपत नाही एवढा लोड आहे. माझा अंदाज, दुकानदाराने सबच्या दोन्ही कॉईल पॅरलल जोडल्यात. ४ आणि ४ पॅरलल म्हणजे २ ओहम. तुमची पुस्तिका ब्रिजसाठी फक्त ४ ओहमचा आकडा देते, २ चा देतच नाही. देत नाही याचा अर्थ चालत नाही.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. बॉक्सला येणारी वायर ॲम्पच्या बाजूने सोडवा आणि तिच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा, २०० ओहमच्या रेंजवर. १.७-१.९ च्या आसपास आलं तर पॅरलल आहे, ७ च्या आसपास आलं तर सिरीज. बरोब्बर २ किंवा ८ येणार नाही, मीटर नुसत्या तारेचा रेझिस्टन्स दाखवतो, तो लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच असतो. आणि आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा, स्वस्त मीटर तिथेच ०.३ वगैरे दाखवतो, तेवढं वजा करा.

मीटर नसेल तर आमच्या इथे पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी हवे तेवढे मिळतात, सांगलीत पण कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. १४ हजार खर्च करायच्या आधी तीनशे खर्च करा.

---

घाटातला_बेस

भावा दुकानदार बरोबर बोलतोय. कमी वॉटचा ॲम्प लावला की सब जळतो हे सगळ्यांना माहितीये. माझा स्वतःचा जळलाय, २५० चा सब होता आणि १०० चा ॲम्प, तीन महिन्यात कॉईलचा वास. सबच्या दुप्पट ॲम्प घ्यायचा, हा नियम आहे. ओहम बिहम नंतर बघ.

---

डॉल्बीवाला_काका

वरचा भाऊ म्हणतोय ते अर्ध खरं आहे म्हणून बोलतो. मी इचलकरंजीचा, वीस-बावीस वर्षं साउंडच्या धंद्यात, गणपतीत, लग्नात, जत्रेत, जिथं बोलावतील तिथं. आता डॉल्बीवर बंधनं आली तो विषय वेगळा.

कमी ॲम्पनं सब जळत नाही. ॲम्प कमी पडतो म्हणून माणूस गेन (ॲम्पवरचं सिग्नल जुळवायचं बटण) फिरवत बसतो, त्यानं जळतो. आमच्याकडं मिरवणुकीत काय होतं बघ, रात्री साडेनऊला पोरं रंगात आलेली असतात, दहाला बंद करायचंय हे सगळ्यांना माहीत असतं, कोणतरी येऊन म्हणतो काका अजून थोडं वाढवा की. ॲम्पची क्लिपची लाइट आधीच टिमटिमत असते. वाढवलं की ती लाइट पेटून राहते. म्हणजे ॲम्प जेवढं देऊ शकतो तेवढं देऊन संपलाय आणि आता लाटेची टोकं कापून सपाट करतोय. सपाट लाट म्हणजे कॉईलला उसंत नाही, सरासरी पॉवर वाढते, वरनं १०० वॉटचा ॲम्प असला तरी तो त्याच्या लिहिलेल्या आकड्याच्या वर जातोय. कॉईल तापते, चिकटवलेला गोंद सुटतो आणि मग तो वास येतो, एकदा घेतला की जन्मात विसरत नाही. तुझ्या तीन महिन्यात हेच झालेलं असणार भावा, वाईट वाटून घेऊ नको, गेन फुल आणि बेस बूस्ट पण फुल होता की नाही सांग.

दुप्पट ॲम्प घेऊन गेन फुल ठेवलास तर तीन महिन्याऐवजी तीन दिवसात जळेल, एवढाच फरक.

स्विफ्टवाल्या पोरा, तू मोजून सांग आधी. नवीन काय बी घेऊ नको.

---

घाटातला_बेस

काका गेन फुल होता 😅 बेस बूस्ट पण. दुकानदारानेच ठेवला होता, मला वाटलं तसंच असतं.

---

कृष्णाकाठ_स्विफ्ट

मोजलं. शेजारच्या वायरमनकाकांचा मीटर आणला. प्रोब टेकवून ०.३ आलं, सबच्या वायरला २.१, म्हणजे १.८. पेठेतल्या साहेबांचा अंदाज बरोबर निघाला.

बॉक्सचा सब उघडून बघितला, चार स्क्रू होते. आत दोन लाल टर्मिनल एकमेकांना जोडलेत आणि दोन काळे एकमेकांना. मग आता काय करू, सिरीज केलं तर ८ ओहम होईल आणि मग १७० चे ८५ च वॉट मिळतील ना? ४०० च्या सबला ८५ वॉट म्हणजे हत्तीला शेंगदाणे.

---

मीटरताई

८५ नाही, १२० मिळतील. हा हिशोब बऱ्याच जणांचा चुकतो म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर शेवटची ओळ वाचा.

ब्रिज केलं की दोन चॅनल एकाच सबला दोन बाजूंनी ढकलतात, एक पुढे रेटतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. त्यामुळे प्रत्येक चॅनलला अर्धाच लोड दिसतो. ४ ओहम ब्रिज म्हणजे प्रत्येक चॅनलला २ ओहम. म्हणून तुमच्या पुस्तिकेत २ ओहमला ८५ आहे आणि ब्रिजला १७०, ८५ आणि ८५ ची बेरीज. आता दुकानदाराने २ ओहम ब्रिजला लावलं म्हणजे प्रत्येक चॅनल १ ओहम बघतोय, २ च्या खाली चालत नाही त्याला १ वर पळवलंय. तो प्रोटेक्टला जातो हे त्याचे उपकार आहेत, प्रोटेक्शन नसतं तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर कधीच गेले असते.

८ ओहम ब्रिज केलं की प्रत्येक चॅनलला ४ ओहम दिसतो, ४ ला ६० वॉट, दोन्ही मिळून १२०. १७० आणि १२० मध्ये फरक किती, साधारण दीड डेसिबल. कानाला जेमतेम कळेल. पॉवर दुप्पट केली तरी ३ डेसिबलच वाढतात, १२० वरून ४०० वर गेलात तर साधारण ५ वाढतील. ते कळतं, पण हत्ती आणि शेंगदाण्याएवढं नाही 🙂 शिवाय स्विफ्टसारख्या छोट्या केबिनमध्ये खालचा बेस गाडी स्वतःच उचलून देते, मोकळ्या मैदानात नाही वाजवायचंय तुम्हाला.

आणखी एक रस्ता असतो, एकच कॉईल जोडायची आणि दुसरी मोकळी सोडायची, मग ४ ओहम दिसतो आणि १७० मिळतात. पण सगळा भार एका कॉईलवर, तिची ताकद ४०० ची अर्धी, आणि सबचा स्वभाव पण बदलतो, बॉक्स ज्या हिशोबाने बनवलाय तो हिशोब बिघडतो. मी करणार नाही.

शेवटची ओळ: सिरीज करा, फुकट आहे.

---

डॉल्बीवाला_काका

ताईंचा हिशोब चोख. सिरीज करताना एक ध्यानात ठेव. पहिल्या कॉईलचा काळा दुसऱ्या कॉईलच्या लालला, एवढी एकच जोडणी, उरलेला लाल आणि उरलेला काळा ॲम्पकडं. उलटं जोडलंस तर दोन्ही कॉईल एकमेकींशी भांडत बसतात, आवाज काय येत नाही आणि नुसत्या तापतात.

तपासायला आमची जुनी युक्ती, पेन्सिल सेल घे, घड्याळाचा असतो तो. बाहेर आलेल्या दोन वायरना क्षणभर टेकव, प्लसला लाल. कोन (सबचा पुढचा हलणारा पडदा) बाहेर आला पाहिजे. आत गेला तर लाल-काळा उलटा. आणि हललाच नाही तर एक कॉईल उलटी. टेकवून धरू नको, टक करून सोड. मीटर ७ दाखवेल दोन्ही वेळेला, त्यामुळं नुसत्या मीटरवर भरोसा ठेवू नको.

---

कृष्णाकाठ_स्विफ्ट

काका ही युक्ती भारी आहे. रविवारी करतो.

एक अजून विचारायचं राहिलं. बॉनेट उघडून बघितलं तर लाल वायर बॅटरीच्या टर्मिनलच्या नटाखालीच पिळून घातली आहे, वरून काळी टेप. तिथून सरळ आत जाते स्टिअरिंगच्या बाजूच्या भोकातून. पुस्तिकेतल्या चित्रात बॅटरीजवळ फ्यूज दाखवलाय तो मला कुठे दिसला नाही. ॲम्पला स्वतःचे दोन २५ चे फ्यूज आहेत ते पुरतात का?

---

पेठेतला_ओहम

नाही. आणि हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, ओहमच्या आधी.

ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पला वाचवतो. बॅटरी ते ॲम्प ही जी चार-साडेचार मीटर वायर अख्ख्या गाडीतून गेलीय तिला कोण वाचवणार? ती पत्र्याच्या भोकातून जाते, तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेची रबरी रिंग) आहे का बघा. नसेल तर गाडी हलतेय, पत्र्याची धार प्लास्टिक कुरतडतेय, एक दिवस तांबं बॉडीला टेकणार. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते, वायर लाल होते, वर कार्पेट आहे.

आज संध्याकाळी ती वायर बॅटरीवरून सोडवा. १० नंबरचा पाना लागेल. टोकाला टेप गुंडाळून बाजूला बांधा. सबशिवाय चार दिवस कोणी मरत नाही.

मग बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज होल्डर. वायर किती जाडीची आहे?

---

कृष्णाकाठ_स्विफ्ट

सोडवली, आत्ता जाऊन सोडवली. ग्रोमेट आहे पण वायर त्याच्या शेजारच्या कापलेल्या जागेतून गेलीय, अर्धी रबरावर अर्धी पत्र्यावर. एका ठिकाणी लाल प्लास्टिकवर पांढरा ओरखडा पडलाय. फोटो बघून मलाच घाम फुटला.

वायरवर ८ गेज लिहिलंय.

---

मीटरताई

बरं झालं बघितलंत.

आता त्या वायरचं टोक ब्लेडने थोडं खरवडा. तारा आतून पण तांबूस दिसल्या तर तांबं, आतून चांदीसारख्या पांढऱ्या निघाल्या तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. किटमध्ये मिळणाऱ्या बहुतेक वायरी मुलाम्याच्याच असतात, त्या तेवढ्याच जाडीत तांब्यापेक्षा बराच कमी करंट नेतात, म्हणून एक साइज जाड घ्यायची.

तुमचा आत्ताचा ॲम्प जुन्या पद्धतीचा क्लास एबी दिसतोय, म्हणजे बॅटरीतून घेतो त्यातलं बरंचसं उष्णतेत घालवतो. दारांचे १२० आणि सबचे १२० असे २४० वॉट काढायला तो अगदी फुल दाबल्यावर साधारण ४०० घेईल, १३.८ व्होल्टला भागा, २९ अँपिअर. गाणी वाजताना सरासरी याच्या निम्म्याहून कमी. ८ गेज तांब्याची असेल तर चालून जाईल ४० च्या फ्यूजवर. मुलाम्याची असेल तर काढून टाका. पुढेमागे मोठा ॲम्प घ्यायचं मनात असेल तर आत्ताच ४ गेज (आकडा लहान तेवढी वायर जाड) तांब्याची ओढा, दोनदा कार्पेट उचलायचं काम नको. फ्यूज नेहमी वायरच्या ताकदीप्रमाणे, ॲम्पच्या खोक्यावरच्या वॉटप्रमाणे नाही.

अर्थची वायर (ॲम्पचा निगेटिव्ह, गाडीच्या पत्र्याला जोडतात ती) पण बघा कुठे दिलीय. डिकीतल्या बोल्टला रंगावरच लग (वायरच्या टोकाची कडी) आवळलेला असतो नेहमी.

---

कृष्णाकाठ_स्विफ्ट

ताई, तारा पांढऱ्या निघाल्या 😑 अर्थ सीटच्या बोल्टला आहे, रंगावरच.

४ गेज तांब्याची घेतो. म्हणजे आता मोठा ॲम्प घ्यायचा झालाच तर कोणता घ्यायचा ते पण सांगून ठेवा, पुढच्या बोनसला.

---

पेठेतला_ओहम

दोन्ही कॉईल वापरून तुमचा सब दोनच प्रकारे जोडता येतो, २ किंवा ८. त्यामुळे जो मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा ॲम्प) *२ ओहमला* ३०० ते ४०० आरएमएस देतो तो. क्लास डी, म्हणजे कमी तापणारा. "१ ओहम स्टेबल" असं लिहिलेलं बघून भुलू नका, तुमच्या सबमधून १ ओहम निघतच नाही, त्या आकड्याचे पैसे वाया. १ ओहमला ५०० देणारा ॲम्प २ ओहमला तीनशेच्या आसपास देतो, म्हणजे तो खरं तर तुमच्यासाठी ३०० चाच आहे. तेवढाही पुरे.

आरएमएस खरा का खोटा ते ओळखायचं असेल तर पुस्तिकेत सीटीए-२००६ लिहिलंय का बघा, पूर्वी त्याला सीईए-२००६ म्हणायचे. म्हणजे १४.४ व्होल्टला, १ टक्क्यापेक्षा जास्त फाटल्याशिवाय मोजलेला आकडा. नसेल तर ॲम्पवरचे फ्यूज बघा. ३० चा एक फ्यूज आहे आणि खोक्यावर २००० वॉट लिहिलंय, तर ३० गुणिले १४ म्हणजे ४२० वॉट आत जातायत, बाहेर २००० कुठून येणार. पुण्यात याला चमत्कार म्हणत नाहीत, दुसरा शब्द आहे.

---

घाटातला_बेस

मला पण एक सांगा, गेन मग ठेवायचा किती? नवीन सब घेतलाय, हा जाळायचा नाही.

---

मीटरताई

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, स्टिरिओमधून किती व्होल्ट येतात त्याच्याशी ॲम्पची जुळणी आहे. मल्टीमीटरने असं करा.

सबची वायर ॲम्पवरून काढा. बेस बूस्ट शून्य, स्टिरिओवरचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद. गाडी चालू ठेवा. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन पेन ड्राइव्हवर घ्या, फुल लेव्हलवाला. ५० च का, तर स्वस्त मीटर घरच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि आपली वीज ५० हर्ट्झ, तिथे ते खरं बोलतात. स्टिरिओ तीन चतुर्थांशावर, ४० पैकी ३० समजा. मीटर एसी व्होल्टवर, सबच्या टर्मिनलवर. आता गेन शून्यापासून हळूहळू वाढवत न्या.

किती व्होल्टवर थांबायचं, तर वॉट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ. स्विफ्टवाल्यांसाठी १२० गुणिले ८, म्हणजे ९६०, वर्गमूळ ३१ व्होल्ट. उद्या ३०० वॉटचा मोनोब्लॉक २ ओहमला लावला तर ६०० चं वर्गमूळ, साडेचोवीस. वॉट जास्त आणि व्होल्ट कमी, असं का ते कळलं की ओहमची गोष्ट कळली. यात ॲम्प आणि सबपैकी ज्याचा आरएमएस कमी तो आकडा धरायचा.

त्यानंतर ३० च्या वर स्टिरिओ न्यायचा नाही. मित्र गाडीत बसल्यावर पण नाही.

---

डॉल्बीवाला_काका

मित्र बसल्यावर तर मुळीच नाही. सब लो पास ८० वर ठेव (८० हर्ट्झच्या खालचंच वाजेल), दाराचे स्पीकर हाय पास ८० वर (वरचंच वाजेल), मग दारांवरचा बेसचा भार जातो आणि ते पण मोकळे वाजतात. बॉक्सला भोक असेल तर सबसोनिक (त्याच्या खालचा बेस कापणारा फिल्टर) असल्यास २५-३० ला लाव, भोकाच्या बॉक्समध्ये लई खालच्या आवाजाला कोन सैरभैर हलतो, त्याला आतल्या हवेचा आधार राहत नाही.

---

कृष्णाकाठ_स्विफ्ट

रविवारचा अहवाल.

सकाळी आठला सुरू केलं, संध्याकाळी पाच वाजले. ४ गेज तांब्याची वायर, होल्डर आणि ४० चा फ्यूज बॅटरीपासून एक वीत अंतरावर, ग्रोमेटच्या मधोमध नवीन भोक पाडून वायर ओढली, पाडायला आईची विणकामाची सुई तापवून वापरली ते तिला अजून माहीत नाही. अर्थचा रंग घासून चकचकीत पत्रा काढला, लग आवळून वरून ग्रीस. स्टिरिओ लावला की एक बारीक शिट्टी यायची, एक्सलरेटर दाबला की चढायची, ती अर्थ नीट केल्यावर गेली, ती माझी तक्रार पण नव्हती, मला वाटायचं गाडीच जुनी आहे.

सिरीज केलं, मीटर ७.४, प्रोबचे ०.३ वजा करून ७.१. पेन्सिल सेल टेकवला तर कोन हललाच नाही. काकांचं आठवलं, बघतो तर दुसरी कॉईल उलटी जोडली होती मी. परत केलं, टक, कोन बाहेर.

गेन ३१ व्होल्टला लावला, बटण निम्म्याला पण आलं नाही. दुकानदाराने फुल ठेवलं होतं.

रात्री जेवून कोल्हापूरला जाऊन आलो, जाऊन येऊन तीन तास, सलग वाजवत. एकदा पण लाल लाइट नाही. परत आल्यावर हात लावला, कोमट. आवाज आधीपेक्षा थोडा कमी आहे हे खरं, पण आधी नुसतं धडधड व्हायचं, आता ढोलकीची थाप वेगळी आणि बेस गिटार वेगळी कळते. १४ हजाराच्या ॲम्पचा विषय सध्या तरी डोक्यातून गेला.

फक्त एकच, एका ठराविक सुराला डिकीतून जोरात खर्रर्र येतं. सब फाटला का काय म्हणून पोटात गोळा आला, उघडून बघितला तर सब ठीक आहे.

---

घाटातला_बेस

नंबर प्लेट भावा. मागची. हात दाबून धर आणि तो सूर वाजव.

---

कृष्णाकाठ_स्विफ्ट

नंबर प्लेटच होती 😂